वरच्या आबांची माती

दरड आली तेव्हा मी गोठ्यात म्हशीची सकाळची धार काढत होते. आधी मागची भिंत आत आली आणि तिच्यामागून चिखल. बघता बघता मी छातीपर्यंत गाडले गेले. रांगती मुलगी गव्हाणीत ठेवली होती, ती दिसेना. तिचं रडणं तेवढं ऐकू येत होतं, मग तेही थांबलं. माझ्या तोंडाशी आलेला चिखल तांबडा होता. आमच्या खाचरातली माती काळपट. तेवढ्या अवस्थेतही मला कळलं, की ही वरच्या आबांची माती. आपल्या मातीवर इतका हक्क सांगणारा माणूस मी उभ्या जन्मात दुसरा पाहिला नाही.

ही महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. आंदर मावळात आमचं घर डोंगराच्या पायथ्याला आणि वर उतारावर आबांचं भाताचं खाचर. नात्यानं ते आमचे कुणी नव्हते. वर राहायचे म्हणून वरचे आबा. दर पावसाळ्यात त्यांच्या खाचरातली माती ओढ्यानं आमच्याकडं उतरायची. सगळ्यांचीच उतरते, कुणी तिच्या मागं जात नाही. आबा मात्र उन्हाळ्यात पाटी घेऊन दारात उभे राहायचे आणि माझ्या सासऱ्यांना सांगायचे, की आमची माती तुमच्याकडं आलीय, तिला न्यायला आलोय. लेकीला सासरहून न्यायला यावं तसं. सासू त्यांना गूळपाणी द्यायची, तिला ते वहिनी म्हणायचे. मग ते आमच्या बांधाला उकिडवे बसायचे आणि ढेकूळ न ढेकूळ तळहातावर चोळून बघायचे. तांबडं ते पाटीत, काळं ते जागेवर. एकदा आमचं एक काळं ढेकूळ चुकून त्यांच्याबरोबर वर गेलं, तर भर उन्हात डोंगर उतरून ते परत द्यायला आले. सासरे म्हणाले, "आबा, गेल्या साली आमच्या झाडावरची चिमणी तुमच्या झाडाला गेलीय. ती कधी आणून देताय?"

आबा गंभीरपणे म्हणाले, "चिमणी आपल्या पायानं येती. मातीला आणावं लागतं."

त्यांच्या खाचरातून कुणी पाय न झाडता बाहेर पडायचं नाही, असा दंडक होता. दिवाळीला जावई आला, त्यालाही बांधावर थांबवून आबांनी पाय धुवायला लावले, तेही खाचराच्या आत. जावयाला वाटलं, सासरा आपल्याला चोर समजतो. तो फराळ न करता निघाला. लेकीनं समजूत घालून त्याला परत आणलं, आणि परत आला म्हणून जाताना त्याला पुन्हा पाय धुवावे लागले.

डोंगर पक्का असतो असं कुणी म्हटलेलं आबांना खपत नसे. ते कातळापाशी नेऊन दाखवायचे. उन्हानं दगड तडकतो, तड्यात पाणी शिरतं, पाण्यामागून मूळ शिरतं. दगडाचा मुरूम होतो, मुरमाची माती होते आणि मातीला पाऊस खाली नेतो. "डोंगर रोज उतरतोय," ते म्हणायचे. "आपण लवकर मरतो म्हणून दिसत न्हाई." ओढ्याच्या धारेखालच्या दगडात एक खळगा होता. त्यात लहानपणी माझं बोट जायचं, आता अंगठा जातो, असं ते सांगायचे. अंगठाही तेव्हा लहानच असेल, हे मी बोलले नाही. सून होते.

त्या श्रावणात पाऊस कितीतरी दिवस थांबलाच नव्हता. माझा नवरा लोणावळ्याला रेल्वेत होता आणि सासरे ओढ्याकडं बांध बघायला गेले होते. सासू घरात चुलीपाशी होती. दरड पडल्यावर वाडीतली माणसं फावडी घेऊन धावली, पण आबा त्यांच्या आधी पोचले होते. ते वरून त्या चिखलातूनच घसरत आले होते. हातात तीच पाटी. फावडं लागेल म्हणून त्यांनी कुणाला माझ्याजवळ येऊ दिलं नाही.

"माती माजी हाय," ते म्हणाले. "म्या काढतो."

त्यांनी हातांनी उकरलं, पाटी भरली, ओतली, पुन्हा भरली. नखं गेली तरी थांबले नाहीत. मी म्हणत होते, आधी गव्हाण बघा. त्यांनी आधी गव्हाण बघितली. वासा आडवा पडून तिच्यावर टेकला होता आणि मुलगी खाली वैरणीत झोपली होती. मग मला काढलं. मग ते गाडल्या गेलेल्या घराकडं वळले. संध्याकाळपर्यंत उकरत राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात आबा माती न्यायला आले नाहीत. सासरे रोज वरच्या वाटेकडं बघायचे. शेवटी त्यांनीच एक पाटी तांबडी माती भरली आणि वर नेली. मी मागून गेले. आबांच्या खाचराच्या जागी नुसता कातळ उघडा पडला होता. आबा त्यावर बसले होते.

"ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं," ते खाली बघत म्हणाले. "वहिनीला खाल्लं तिनं."

सासरे म्हणाले, "मातीला कुटं तोंड असतंय, आबा? उतार हाय म्हणून येती." आणि त्यांनी पाटी कातळावर ओतली.

आबांनी ती माती हातानं सारखी केली आणि भोवती दगड लावले. चटईएवढीसुद्धा जागा झाली नाही. खाली निघताना मी त्या जागेवर पाय झाडले.

आता आबा नाहीत, सासरे नाहीत. ती जागाही पावसानं कधीच धुऊन खाली नेली असेल. दरडीत सासू गेली. मी आणि माझी मुलगी वाचलो.