सोनाबाईचे शुक्रवार

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, गुडघे टेकून प्रार्थना करतानाही नाही — तिथंही एवढं गाळूनच पुढे जायचो. मग तुम्हाला का सांगतोय? कळत नाही. पण सांगतो.

पन्नास सालानंतरची गोष्ट. पुलगावजवळ नाचणगावला मी ख्रिस्ती मंडळीचा उपदेशक होतो. मंडळी कसली — मोजकी घरं. दर गुरुवारी संध्याकाळी मी पहिल्या ख्रिस्ती लोकांविषयी शिकवायचो. रोमी अमलाखाली घरोघरी जमणारे ते लोक. धनी आणि गुलाम एकाच पंगतीला बसून भाकर मोडायचे. मग मी येशूच्या शिष्याकडे, पेत्राकडे वळायचो. परजातीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर जेवणारा पेत्र, यरुशलेमची कर्मठ यहुदी माणसं येताच भिऊन पंगतीतून बाजूला झाला, आणि पौलानं त्याला तोंडावर सुनावलं. काय आवेशात सांगायचो मी! पेत्राची अगदी सालटी काढायचो.

ऐकणाऱ्यांत सोनाबाई होती. महारवाड्यातली विधवा, कापूस वेचून पोट भरणारी, मंडळीत नव्यानं आलेली. एका गुरुवारी तिनं सरळ विचारलं, "तं मंग गुरुजी, माह्या घरी भाकर मोडाले कवा येता?"

दुसऱ्याच दिवशी गेलो. नुकतीच सारवलेली जमीन, मांडलेला पाट, ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी. ताट माझ्या घरच्याहून लख्ख. आणि माझा हात — हात उचललाच गेला नाही. माझे आजोबा कुणब्याच्या घरातून ख्रिस्ती झालेले. आम्ही जात सोडली, असं दोन पिढ्या सांगत आलो. मग हात अडवणारं ते काय होतं? किळस. दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

"आज माझा उपास आहे, सोनाबाई," मी म्हणालो. तेवढ्यावर थांबलो असतो तरी — पण नाही, वर जोडलं, "तुमच्याच घरासाठी धरलाय. दर शुक्रवारी धरणार आहे."

तिचे डोळे भरून आले. तिनं ताट झाकून ठेवलं. त्यानंतर दर शुक्रवारी मी तिच्याकडे प्रार्थनेला जायचो, घरून पोटभर जेवून, आणि ताट पुन्हा कधी पुढे आलं नाही. सुटलो बुवा, असं वाटायचं. खरंच वाटायचं.

छप्पनच्या दसऱ्याला वस्तीतले बहुतेक लोक नागपूरला जाऊन बौद्ध झाले. सोनाबाईचा मुलगा किसनही. पुढच्या शुक्रवारी तो मला दारातच भेटला. रागावलेला नव्हता, विनवत होता.

"गुरुजी, मायले तुमीच समजवा. सारी वस्ती गेली, हे नाई आली. म्हन्ते, माह्या घरासाठी गुरुजी उपाशी राह्यते, त्याईले सोडून कशी जाऊ? अन् तुमच्यासंगं सोताही दर शुक्रवारी उपाशी राह्यते. तीन वर्सं झाले. वेचनीवर दोनदा चक्कर येऊन पडली."

तीन वर्षं? प्रत्येक शुक्रवार? माझ्या तोंडात अजून घरच्या वांग्याच्या भाजीची चव होती. आत सोनाबाई भिंतीला टेकून बसली होती. ओठ सुकलेले, आणि मला पाहून हसत होती. एक वाक्य पुरलं असतं. ती जेवली असती. मुलाबरोबर गेली असती, किंवा राहिली असती — पण खरं काय ते कळून राहिली असती.

मी म्हणालो, "चला, प्रार्थना करू."

ती पुढच्याच हिवाळ्यात गेली, थोड्याशा तापानं. किसन मातीला आला, मूठभर माती टाकून लगेच निघून गेला. मी उपदेश केला. पहिल्या मंडळीचा विश्वास पाहायचा असेल तर या बाईकडे पाहा, असं म्हणालो. लोक रडले. मीही रडलो — कशासाठी?

पुढे कित्येक वर्षं मी गावोगाव तिची गोष्ट सांगत फिरलो. आजच्या विश्वासणाऱ्यांनी कसं असावं, हे शिकवायला. त्यात तिचा उपास सांगायचो. आणि सोबत माझाही.