बटणची दुसरी गोळी

जुने सोफे दुरुस्त करण्यात भाऊंचा जन्म गेला. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. ओठांत चुका, म्हणजे बारीक खिळे, धरून हातोडी चालवायची सवय, त्यामुळे ते बोलायचे कमी. त्यांच्या वाटणीचं बोलणं थोरल्या बहिणीनं, ताईंनी, केव्हाच अंगावर घेतलं होतं. घरात तिसरं माणूस नव्हतं.

मग एक दिवस दुरुस्तीला आलेल्या आरामखुर्चीखाली कुत्र्याचं एक पिल्लू निघालं. खुर्चीवाल्यानं कानावर हात ठेवले, ताईंनी कपाळाला हात लावला. मखमलीला केस चिकटले तर गिऱ्हाईक पुन्हा तोंड दाखवणार नाही, तेव्हा या घरात एकतर ते राहील नाहीतर मी, असं त्यांनी बजावलं. राहिले दोघंही. भाऊंनी त्याचं नाव बटण ठेवलं. ताई त्याला ‘ते तुझं’ म्हणायच्या.

बटण अंगानं भरला, पण पुढे त्याच्या शीमध्ये जंत दिसले. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी वजन करून दोन गोळ्या दिल्या. एक लगेच, दुसरी पंधरा दिवसांनी. भाऊंनी पहिली सकाळीच अंड्यात दडवून चारली आणि दुसरी फडताळात ठेवून दिली.

दुपारी बटण ओकला. पाठोपाठ पातळ जुलाब. भाऊंनी फरशी पुसली, अर्धी मखमल चढवलेला सोफा भिंतीकडे सरकवला आणि पुन्हा कामाला बसले. पण हातोडीच्या आवाजाला एरवी नाचणारा बटण जमिनीला हनुवटी टेकून पडून राहिला, तेव्हा त्यांचा धीर सुटला. चुका थुंकून त्यांनी फोन लावला.

एकच गोळी दिलीत ना, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. एकच, भाऊ ठामपणे म्हणाले.

“दोन,” मागून ताई म्हणाल्या. “दुसरी मी दिली.”

भाऊ सकाळची गोळी नेहमीसारखे विसरले असतील असं वाटून ताईंनी फडताळातली गोळी लोण्यात घोळवून चारली होती. सांगता सांगता त्या बटणकडे वाकल्या.

“माझ्या हातून गेलं का रे ते?”

डॉक्टरीणबाईंनी भाऊंना वेष्टनावरचं औषधाचं नाव वाचायला लावलं, वजन पुन्हा विचारलं. हे औषध एवढ्यानं बाधत नाही, पोट मात्र बिघडतं, असं त्या म्हणाल्या. पाणी थोडं थोडं द्या, ओकारी थांबली की मऊ भात. रक्त दिसलं, ओकारी थांबली नाही किंवा उभं राहता येईना तर ताबडतोब घेऊन या. पुढची गोळी मात्र मला विचारल्याशिवाय नको.

ताईंनी वाटी घेतली आणि फरशीवर फतकल मारली. भाऊ शेजारी टेकले. मखमलीच्या सोफ्याचा मालक आला, तेव्हा सोफ्याची पाठ अजून उघडीच होती. तो कुरकुरायला लागताच ताई बसल्या जागेवरून म्हणाल्या,

“उद्या या. घरात आजारी माणूस आहे.”

मालक गुपचूप माघारी गेला. भाऊंनी तोंड फिरवून हसू दाबलं.

पाणी पोटात टिकलं. तिन्हीसांजेला बटण उठला, अंग झाडलं आणि ताईंच्या तळहातावरचा भात चाटूनपुसून खाल्ला.

सकाळी तो अंगणाच्या कोपऱ्यात शी करायला बसला. भाऊ आणि ताई दोघंही वाकून पाहायला गेले.

“घट्ट आहे,” ताई म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.