नंदिनीची परखी

नंदिनी मेश्रामशी माझी ओळख भांडणातून झाली. लकडगंजात माझं डीटीपीचं दुकान आहे. ती लग्नपत्रिकेसाठी काढलेलं चित्र घेऊन आली, प्रिंट काढून झाल्या झाल्या म्हणाली, "ताई, आता माह्यासमोर डिलीट करा." मी भडकले. मी काय चोर आहे?

पुढे मैत्री झाल्यावर कळलं, की बाईला हा संशय फुकटात मिळालेला नव्हता. आधी ती एका एजन्सीत नोकरीला होती. तिथे तिची बारा चित्रं साहेबांच्या भाच्याच्या नावाने कॅलेंडरवर छापली गेली. तिने विचारलं, तर साहेब म्हणाले, "तुम्हा लोकांना काम देतो, हेच पुष्कळ समजा." दुसऱ्या दिवसापासून ती गेलीच नाही. तेव्हापासून नऊ वर्षं ती स्वतंत्रपणे लिहिते, चित्रं काढते.

तिचे वडील आनंदराव कळमना मार्केटात हमाल. पगार नाही, ऑफिस नाही, हे कसलं काम, असं ते मला कितीदा विचारायचे. पण धंद्यात माल कसा पारखायचा, हे लेकीला शिकवलं ते त्यांनीच. बाजारात धान्य घेणारा माणूस पोत्यात परखी खुपसतो. ती लोखंडाची टोकदार नळी आतला नमुना बाहेर काढते. "वरचा दाना सारेच चांगला ठेवते," आनंदराव म्हणायचे. "बुडात खुपसून पाहावं."

गेल्या वर्षी नंदिनीने पोत्यांच्या थप्प्यांवर खेळणाऱ्या एका पोरीची गोष्ट लिहिली, चित्रंही काढली. पुण्याच्या एका प्रकाशनाला ती आवडली. संपादकबाईंची मेल साखरेत घोळलेली होती : 'तुमच्यासारख्या आवाजांची आज फार गरज आहे.'

"तुमच्यासारख्या म्हंजे कोनासारख्या?" नंदिनीने मेल मला वाचून दाखवली आणि परखी काढली. मुखपृष्ठावर नाव माझंच ना? लेखिका म्हणून आणि चित्रकार म्हणूनही? मजकूर कोण बदलणार? मूळ चित्रं परत मिळणार? पुढच्या आवृत्तीतही हेच राहणार? पाच मेल गेल्या आणि पाचांनाही सरळ उत्तरं आली. सरळ उत्तरांनी तर ती जास्तच बिथरली. खरं सांगते, मीही बिथरले. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं, पण किती फुंकायचं?

करारावर सही करायची मुदत संपायच्या दिवशी आनंदरावच वैतागले. "काहून इतकं टोचून राहिली वं? जास्त टोचलं का पोतं गळते. सही कर. पन माल आला का बुडाकडूनच उघड."

तिने सही केली.

परवा पुस्तकाच्या दहा प्रती माझ्या दुकानाच्या पत्त्यावर आल्या. आनंदराव बाजारातून थेट आले, खांद्यावर दुपट्टा, केसांत तुरीचा भुसा. "जय भीम, ताई." मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत लेकीचं नाव होतं. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं आणि लगेच पुस्तक उलटं करून शेवटचं पान उघडलं. मला हसू आलं.

तिथे लेखिकेची ओळख होती. ते अक्षर अक्षर लावत मोठ्याने वाचू लागले, 'कळमन्यातल्या एका हमालाची ही मुलगी...' पुढे गरिबी, वस्ती, संघर्ष. नऊ वर्षांच्या कामाबद्दल एक ओळ नाही. ते बोट पुन्हा पहिल्या ओळीवर घेऊन आले.

"एका हमालाची," ते म्हणाले. "माह्यं नाव नाही टाकलं वं?"

नंदिनीने खसकन पुस्तक ओढून घेतलं. ती ओळख तिने स्वतः लिहून पाठवली होती आणि तिची सुरुवातच होती, 'माझे वडील आनंदराव मेश्राम'. छापण्याआधी पुस्तकाचं सगळं तिने तपासलं, फक्त हे पान कोणी दाखवलं नाही आणि तिनेही मागितलं नाही. ती रडेल असं मला वाटलं. तिने पिशवीतून काळं पेन काढलं, 'एका हमालाची' वर आडवी रेघ मारली आणि वर आपल्या सुरेख अक्षरात लिहिलं, 'आनंदराव मेश्राम यांची'. अशा दहाही प्रती केल्या.

आनंदरावांनी एकेक प्रत उघडून पाहिली, थप्पी नीट लावली.

"या दहामंधी ठीक हाय बेटा," ते म्हणाले. "बाकीच्या हजारात मी कोन आहो?"