कोळीवाड्यातले तीन कप

विदर्भ नव्या मुंबई राज्यात गेला आणि माझ्या मोठ्या बहिणीची वर्ध्याहून थेट कोकणात बदली झाली. ती नर्स होती. समुद्रकाठच्या एका जुन्या बंदरातला दवाखाना तिला मिळाला. मी तेव्हा नाचणगावला मास्तर. आम्ही बौद्ध झालो त्याला दोन वर्षं होत आली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेलो.

ती कामावर गेली की मी खाकी पँट घालून, वही घेऊन हिंडायचो. किल्ल्याचा पडका बुरूज, वाळूत रुतलेली तोफ, बांबूंवर वाळणारे बोंबील, होड्यांची नावं, सगळं टिपून घ्यायचो. वर्गात सांगायचं होतं.

पण मी कोळीवाड्यात शिरलो की बोलणी थांबत. जाळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "कुठले तुम्ही?"

"वर्ध्याचे."

"ते नाय. कोण तुम्ही?"

या प्रश्नापुढे काय येतं ते मला लहानपणापासून ठाऊक होतं. "माणूस," म्हणालो आणि निघालो. शेजारच्या अंगणात पाणी मागणार होतो, तोच तिथली बाई मला पाहून मडकं उचलून घरात गेली आणि तिने दार लावलं.

संध्याकाळी मी बहिणीला म्हणालो, "इथंबी तेच आहे. मले पाहून मडकं उचलते."

ती हसू लागली. "त्या मडक्यात पाणी नाई राहत रे. तू खाकी घालून लिहून काय राह्यला? सारा कोळीवाडा मले विचारते, बाई, तुमच्याकडे दारूबंदीचा साहेब उतरला का?"

"मंग त्या जाळंवाल्या म्हाताऱ्यानं 'कोण तुम्ही' म्हणून जात काऊन विचारली?"

"जात विचारली का कोण आहे ते विचारलं?"

मला ते पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन गेली. "माझा भाऊ. मास्तर आहे," तिने सांगितलं तसा म्हातारा सैल झाला. तटाच्या दगडात रुतलेली लोखंडी कडी त्याने दाखवली. आजोबा तिला मचवा बांधायचे म्हणाला. मडकेवाल्या बाईने चहा आणला. चहा पिता पिता म्हाताऱ्याने पुन्हा विचारलं, "मग कोण तुम्ही?"

"बौद्ध," मी म्हणालो.

त्याला तो शब्द कळला नसावा. बहिणीने आमची जुनी जात सांगितली. त्याने नुसती मान हलवली आणि वारा पडल्याचं बोलू लागला.

निघताना बहीण पुढे गेली. मी चपलेत वाळू गेल्याचं निमित्त करून कुंपणापाशी वाकलो. बाई बाहेर आली. तिने म्हाताऱ्याचा कप उचलला, मग आमचे दोन, आणि तिन्ही एकाच बादलीत बुडवले.

मी का थांबलो होतो ते बहिणीला सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.