माघारी गेलेली बाबागाडी

शालनला राग यायला फार काही लागत नसे, हे कसबा बावड्यातल्या तिच्या गल्लीत पोरासोरांनाही ठाऊक होतं. नळाला पाणी उशिरा आलं की राग, फोनवर पलीकडचा माणूस हळू बोलला की राग, वरणात मीठ कमी पडलं तर स्वतःवरच राग. शाळेत शिपाई होती ती, पण घंटा अशी बडवायची की हेडमास्तर घड्याळाकडं न बघता खुर्चीतनं उठायचे. नवरा गेल्यापासनं घर तिच्याच आवाजावर चाललेलं. पण त्या रविवारी दारात टेम्पो थांबला आणि तिच्या पोरानं, प्रसेनजीतनं, त्यातनं जे काय खाली उतरवलं ते बघून तिच्या डोक्यात जी तिडीक गेली, तिच्यापुढं आजवरचे सगळे राग म्हणजे पोरखेळ म्हणायचे.

झालं होतं असं. सून निशा पहिल्या बाळंतपणाला गारगोटीला माहेरी गेलेली. मुलगा झाला, चांगला धडधाकट. आता ती बाळाला घेऊन यायची होती, विहारात नामकरण व्हायचं होतं, आणि घरात एकच विषय चाललेला, बाळासाठी काय घ्यायचं आणि काय नाही. दोन हजार तीन साल होतं. टीव्हीवर गुटगुटीत पोरं डायपर घालून पळत होती, महाद्वार रोडच्या दुकानांतनं रंगीबेरंगी वॉकर टांगलेले होते, आणि प्रसेनजीत रोज कामावरनं येताना कायतरी नवीन ऐकून येत होता.

शालनचा निकाल मात्र जागच्या जागी असायचा. "वॉकर नको. पोराच्या बुडाखाली चाकं लावायची आणि उंबऱ्यावरनं तोंडावर पडलं की आपणच बोंबलायचं. डायपर नको, बूड उकडायचंय व्हय त्याचं? बाटली तर नावच काढू नकोस, त्याची आई काय आजारी हाय? मच्छरदाणी आण. डास लई हाईत."

"आणि बाबागाडी?"

"फिरवणार कुठं ती? आपल्या गल्लीत उसाचा ट्रॅक्टर शिरला की माणसानं भिताडाला चिकटावं लागतंय. खांद्यावर घेऊन फिरवीन मी त्याला."

दुपटी आणि लंगोट तिनं स्वतःच्या जुन्या सुती लुगड्यांची केलेली. धुऊन धुऊन मऊ झालेली ती लुगडी दुपारभर बसून फाडली, कडा दुमडून हातानं शिवली. म्हणजे जुन्याचं तिला वावडं होतं असं नाही. फक्त पाळणा तिला नवा पाहिजे होता. सागवानी, कडेला लाकडी चिमण्या बसवलेला. सुताराकडं जाऊन ती तो बघून आली होती, दोनदा हात फिरवून आली होती, आणि घरात कुणाला काही बोलली नव्हती. तिच्या दोन्ही पोरांनी दुसऱ्यांच्या पोरांचं उतरलेलं अंगावर घालून दिवस काढले होते. नातू तरी आपल्या घरच्या, आपण आणलेल्या पाळण्यात पहिल्यांदा झोपावा, एवढी एकच गोष्ट तिला आयुष्यात स्वतःच्या मनासारखी करायची होती. त्यात कुणाच्या बापाचं काय जात होतं?

आणि आता टेम्पोतनं उतरला तो पाळणा. पितळी कड्यांचा, टांगायचा, रंग थोडा उडालेला. मागनं निळी बाबागाडी. तिच्यावर वॉकर.

"कुणाचं हे?" शालननं विचारलं. विचारताना तिला उत्तर माहीत होतं, कारण त्या कड्या तिनं एकेकाळी चिंच लावून घासलेल्या होत्या.

"धैर्यशीलनं दिलंय," प्रसेनजीत खुशीत म्हणाला. "त्याची पोरगी शाळंला जायला लागली की आता. माळ्यावर पडून होतं सगळं. निशालाबी फोनवर विचारलं, ती म्हणाली घ्या, चार महिन्यांत पोर मोठं होतंय, नव्यात पैसे कशाला घालवायचे."

धैर्यशील म्हणजे गावच्या बड्या शेतकऱ्याचा, बाळासोंचा मुलगा. तो आणि प्रसेनजीत एका बाकावर शिकलेले, आता शिरोलीच्या एकाच कारखान्यात एकाच पाळीला जायचे, एकमेकांच्या डब्यात हात घालायचे. प्रसेनजीतच्या लेखी ही एका दोस्तानं दुसऱ्या दोस्ताला दिलेली वस्तू होती. आणि निशाचं तरी काय चुकलं होतं? हिशेबानं बोलली बिचारी.

"माघारी ने," शालन म्हणाली.

"आई, बघ तरी. नव्यासारखं हाय."

"नव्यासारखं म्हंजे जुनं. त्या घरचं उतरलेलं ह्या उंबऱ्याच्या आत येणार न्हाय. माघारी ने म्हणते ना मी."

मग जे भांडण लागलं ते शेजारच्या बायका दळण टाकून ऐकायला उभ्या राहिल्या. शालन काय काय बोलली. बाळासोंच्या गोठ्यात आपण शेण काढत होतो तेव्हा बाळासोंची बायको, बयाबाई, पोरांचे जुने कपडे कशी द्यायची ते बोलली. मागल्या दारी धुण्याच्या दगडावर गठुळं ठेवलेलं असायचं. हातात कधी दिलं नाही. "घेऊन जा गं," एवढं आतनं ओरडायचं, बास. प्रसेनजीतच्या आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली आणि गावकीची मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, भाकरी मागायचं सोडलं, त्यापायी मार खाल्ला. "आणि त्याच घरची सून मी, दगडावरचं गठुळं उचलत होते. कारण तुमची अंगं उघडी होती. सगळं सोडलं ह्या घरानं, तेवढं एक मला सोडता आलं न्हाय."

"ते तवाचं झालं, आई."

"तुझ्या बहिणीला विचार. संघप्रिया तिसरीत होती. बाळासोंच्या पोरीनं भर वर्गात हिचा फ्रॉक धरला आणि म्हणाली, हा माझा हाय. पोरगी रस्त्यात फ्रॉक काढून, दप्तरात कोंबून, नुसत्या परकरावर घरी आली. पुन्हा शाळंला जाईना झाली. ऐकतोयस का?"

"लहान पोरं भांडतातच की गं. तू उगंच मनाला लावून घेतीस." आणि मग त्यानं बोलू नये ते बोललं. "बयाकाकी मला कायम गूळ-शेंगा द्यायची. तशी न्हाय ती. तुला वाटतंय तसं."

तुला वाटतंय तसं. शालन वळून घरात गेली. गल्लीला वाटलं वादळ गेलं, पण तिला ओळखणारा माणूस तिथं असता तर चार पावलं मागं सरला असता. तिनं आतनं जुनं लुगडं आणलं. पाळणा उचलून बाबागाडीवर आडवा ठेवला, त्यात वॉकर उलटा घातला, कड्या आत टाकल्या आणि लुगड्यानं सगळं करकचून बांधलं. पायात चपला सरकवल्या. प्रसेनजीत "आई, आई" करत राहिला आणि ती गाडी ढकलत भर उन्हात रस्त्याला लागली.

एवढ्या दिमाखात आणलेली ती बाबागाडी पहिल्याच खड्ड्यात रुतली. शालननं तिला लाथ घातली. पुढं पारावरची माणसं मान वळवून बघायला लागली, एकानं विचारलं, "मावशी, बाळ कुठाय?" शालन म्हणाली, "ज्याचं त्यानं आपापलं बघावं." वळणावर उसाचा ट्रॅक्टर आडवा आला. ड्रायव्हर बाहेरगावचा होता, हॉर्न दाबून धरला त्यानं. "पावणं," शालन ओरडली, "डिझेल संपलं तर हॉर्नवर चालवणार हाय का ट्रॅक्टर?" त्यानं मुकाट्यानं ट्रॅक्टर मागं घेतला. तोवर तिच्या तोंडात एकेक वाक्य तयार होत होतं. बयाबाईला समोर उभं करून काय काय सुनवायचं ते ती ठरवत चाललेली. इतकी वर्षं गिळलेलं सगळं आज बाहेर काढायचं होतं, आणि पुढच्या दारात उभं राहून काढायचं होतं.

दार उघडलं ते धैर्यशीलच्या बायकोनं, मोनानं. पन्हाळ्याकडची पोर, गोड बोलणारी. तिनं गाडी बघितली, शालनचा चेहरा बघितला आणि काय समजायचं ते समजली.

"मावशी, आत या. उन्हातनं आलाय. बसा खुर्चीवर."

शालन बसणार नव्हती. पण चपलेत गेलेला खडा काढायला म्हणून टेकली. मोनानं पाणी दिलं, चहा ठेवला, घरातल्या कपातच आणला.

"तुम्हाला आवडलं नसंल तर राहू दे, मावशी. आम्हीबी पाळणा तेवढा घरचा वापरला. बाबागाडी माझ्या बहिणीची, वॉकर कुणी दिलेला कुणास ठाऊक. वस्तू अशाच फिरतात की."

आता हे असं सरळ बोलणारी पोर पुढ्यात बसली तर भांडायचं कुणाशी? शालनला तिचाही राग आला. चहाचा आला. चहा चांगला झाला होता, त्याचाही आला. "आक्का कुठं हाईत?" तिनं विचारलं.

मोना जरा घुटमळली. "आत हाईत. पण त्यांना आता..." एवढ्यात आतल्या खोलीतनं आवाज आला. म्हातारा, चिरका, पण शालननं तो कुठंही ओळखला असता.

"मोना, कोण आलंय गं?"

"शालनमावशी आल्यात, आत्याबाई."

"शाली व्हय? तिला पुढल्या दारानं का घेतलीस? मागनं जा म्हणावं. दगडावर कापडं ठेवल्यात."

मोनाचा चेहरा खर्रकन उतरला. ती खालच्या आवाजात बोलायला लागली. "मावशी, त्यांच्या डोक्यात आता काय राहत न्हाय. दोन वर्षं झाली. ह्यांनासुद्धा कधी कधी ओळखत न्हाईत. तुम्ही मनावर..."

शालन उठली आणि आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. कॉटवर बयाबाई बसलेली, मूठभर झालेली, अंगावर चादर. गोठ्याच्या दारात कंबरेवर हात ठेवून उभी असायची ती बाई कुठं गेली कुणास ठाऊक. रस्ताभर जुळवलेली वाक्यं शालनच्या तोंडात होती, पण ती ऐकायला समोर कुणीच नव्हतं. बाकी सगळं विसरून गेलेल्या ह्या म्हातारीच्या डोक्यात तेवढा दगड आणि ते गठुळं शाबूत राहिलं होतं. ह्याचाच शालनला सगळ्यात जास्त संताप आला. हात उगारावा तर हाडं मोडतील, शिवी द्यावी तर पोचणार नाही.

"आक्का," ती म्हणाली, "मला नको तुमची कापडं."

बयाबाईनं डोळे बारीक केले. "नको? का गं? मग तुझ्या पोरांना काय घालणार?"

"नवं घालणार."

"नवं?" म्हातारी हसायला लागली. दात नसलेलं, अगदी मनापासनंचं हसू. "तुम्हाला कशाला गं नवं?"

ते आपल्या एकटीलाच ऐकू आलं असं शालनला वाटलं होतं. मागं वळली तर बाहेरच्या सोप्यात प्रसेनजीत उभा होता. तो मागोमाग मोटरसायकल घेऊन आलेला, चावी अजून हातात तशीच. मोना भिंतीकडं बघत होती. प्रसेनजीतच्या चेहऱ्यावरचा रंग पार गेलेला. गूळ-शेंगा देणाऱ्या काकीकडं तो बघत होता, आणि काकी त्याच्याकडं बघून, हा कोण म्हणून, पुन्हा हसत होती.

शालन बाहेर पडली. बाबागाडी अंगणात तशीच सोडली. लुगडंसुद्धा सोडवलं नाही.

ती थोडी पुढं गेली असेल, तोवर मागनं मोटरसायकल आली. प्रसेनजीतनं शेजारी थांबवली.

"आई, बस मागं. आपण आत्ताच जाऊ नवा पाळणा बघायला. तुला पायजे तसला घेऊ. मला खरंच म्हाईत नव्हतं गं."

शालन थांबली. बयाबाईसाठी साठवलेला सगळा राग आता तिच्या डोळ्यांत आला होता.

"म्हाईत नव्हतं?" ती म्हणाली. "मघाशी दारात उभी राहून सांगितलं की मी तुला. सगळं सांगितलं. तुझ्या बहिणीचं सांगितलं. तवा तू मला काय म्हणालास? तुला वाटतंय तसं म्हणालास. आणि डोकं ठिकाणावर नसलेली ती म्हातारी एक वाक्य बोलली, तर लगेच खरं वाटलं तुला."

प्रसेनजीत मोटरसायकलवरनं खाली उतरला.

"तिचं खरं वाटलं. माझं न्हाय."

ती मोटरसायकलवर बसली नाही. सुताराचं दुकान लांब होतं आणि ऊन डोक्यावर होतं. ती रस्त्याच्या कडेनं तिकडं चालायला लागली, आणि प्रसेनजीत गाडी बंद करून, हातानं ढकलत, तिच्या मागनं चालत राहिला.