सर बैहरले गेले जी

बालाघाटात सायबर कॅफे नवीन होता, तेव्हा मी बास्केटबॉलवेड्यांच्या एका ऑनलाइन फोरमची सभासद झाले. मुलीचं कोण ऐकणार, म्हणून ठोकून दिलं की मी निवृत्त प्रशिक्षक आहे. सगळे मला ‘सर’ म्हणू लागले आणि मी पाच वर्षं बिनधास्त सल्ले वाटले.

एका दुपारी फोरमवरचाच एक इंजिनियर तिरोडीच्या खाणीतून कॅफे शोधत आला.

“सर इथंच बसतात ना?”

“हौ, पण आज बैहरले गेले जी. मी त्यायची पुतणी.”

तो हिरमुसला. खाणीतल्या पोरांचा संघ त्याने उभा केला होता, पण बचाव काही जमत नव्हता. मला राहवलं नाही. जुन्या वर्तमानपत्रावर मैदान काढून कोणी कुठे उभं राहायचं, हे मी अर्धा तास समजावत बसले.

त्याने कागदाची घडी खिशात घातली आणि गंभीरपणे हात जोडले. “येतो, सर.”

मी खाली मान घालून हसले. पुढच्या रविवारी बसने तिरोडी गाठली आणि त्या पोरांना दमेपर्यंत पळवलं.