गेला तो उकंडा, उत्तमराव नव्हे

त्या दिवशी सकाळी आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला. उत्तमराव नावाच्या कुणा गृहस्थांचं पुण्यात निधन झालं, अंत्यविधी दुपारी गावी. आडनाव ओळखीचं होतं, पण त्या आडनावाची आमच्या गावात अर्धी वस्ती आहे. हे उत्तमराव कोण, हे आठवायचा मी थोडा वेळ प्रयत्न केला, आठवेना. पूर्वीच पुण्याला गेलेलं कुणीतरी असेल म्हणून सगळ्यांसारखं 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं, खाली जोडलेले हात टाकले, जेवलो आणि हिंगोलीतल्या माझ्या घरात पंखा लावून झोपलो. संध्याकाळी सिद्धेश्वरच्या कालव्यावरच्या एका जुन्या शेतकऱ्याचा फोन आला. गडी रडत होता. "गुरुजी, आपला उकंडा गेला म्हंत्यात. मातीबी झाली. तुमाला तरी म्हाईत होतं का?" निरोप तर सकाळीच मिळाला होता. गेलं कोण, तेवढंच कळलं नव्हतं.

उकंडा माझा भाऊ होता असं मी म्हणतो, तेव्हा लोक माझ्या नावाकडे बघतात. मी रशीद. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, त्याचंही लोकांना नवल वाटतंच. तो बौद्धवाड्यातला, आमचं घर त्याच्या मागच्या गल्लीत, मध्ये फक्त एक उकंडा. आमच्याकडे उकिरड्याला उकंडा म्हणतात. घराघरातलं शेण, राख, केरकचरा जिथे पडतो ती जागा. त्या जागेचंच नाव या माणसाला मिळालं आणि त्याला मिळवून देण्यात माझ्या अम्माचा हात होता.

त्याची आई गयामावशी. तिची आधीची तीन लेकरं पाळण्यातच गेली. चौथं जन्मलं तेव्हा तिला आनंद झालाच नाही, नुसती भीती वाटली, असं ती सांगायची. मग सुईणीनं जुना तोडगा सांगितला. पाचवीच्या दिवशी गयामावशीनं ते लेकरू फडक्यात गुंडाळून उकंड्यावर ठेवलं आणि मागे वळून न बघता घरात गेली. मरणाला वाटावं की हे कुणाला नकोच आहे, टाकून दिलेलं आहे. माझी अम्मा तेव्हा बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव फिरायची. ठरल्याप्रमाणे ती तिथून गेली, टोपली खाली ठेवली, लेकरू उचललं आणि गयामावशीच्या दारात जाऊन मोठ्यानं म्हणाली, "उकंड्यावर सापडलं गं बाई, कुणाचंय म्हाईत न्हाई. घेतीस का?" गयामावशीनं सूपभर ज्वारी घातली आणि आपलंच पोरगं विकत घेतलं. नाव पडलं उकंडा. ते जगलं.

धोंडू, दगडू, केरू ही नावं त्याच जातकुळीतली, ती उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. उकंडा मात्र आमच्या पट्ट्यात आणि तिकडे विदर्भाच्या अंगाला. माझ्या लहानपणी गावागावात एखादा तरी असायचाच. मरणानं ढुंकूनही बघू नये म्हणून ठेवलेलं नाव. त्यामागे किती बाळंतिणींचे रिकामे पाळणे आहेत ते ऐकणाऱ्याला दिसत नाहीत, त्याला फक्त शेण दिसतं. आता नव्या लेकरांत हे नाव शोधूनही सापडायचं नाही आणि ते चांगलंच झालं. दवाखाने आले, लसी आल्या, लेकरं जगायला लागली. ज्या नावाची गरज संपली ते नाव संपावं, त्याबद्दल मला काडीचंही दुःख नाही. आता मोबाईलवर शोधून नावं ठेवतात, कुठल्याही आळीत हाक मारली तर दोन रियांश आणि एक अयांश धावत येतात. खुशाल येऊ देत. पण ज्याला ते जुनं नाव लागलं होतं त्याचं ते त्याला विचारल्याशिवाय कुणी काढावं?

कारण त्यानं स्वतः ते कधीच काढलं नाही. वसमतला वसतिगृहात असताना चळवळीतली पोरं त्याच्या मागे लागली होती. बाबासाहेबांनी आपल्याला माणूस केलं आणि तू अजून उकिरड्याचं नाव लावतोस, लाज वाटत नाही का, असं एकानं भर सभेत विचारलं. मी तिथे होतो. त्यांचंही खोटं नव्हतं. असली कितीतरी नावं गावानं आमच्या शेजाऱ्यांवर हिणवण्यासाठीच थापलेली होती. उकंडा उठला आणि शांतपणे म्हणाला, "गावानं ठिवलं असतं तर आजच फेकलं असतं. हे माह्या मायनं ठिवलंय." पुन्हा त्याला कुणी विचारलं नाही.

पुढे तो पाटबंधाऱ्यात लागला आणि सिद्धेश्वरच्या कालव्यावर निरीक्षक झाला. कालव्याच्या टोकाला पाणी पोचवणं म्हणजे रोजचं भांडण. वरचे अडवतात, खालचे कुऱ्हाडी घेऊन येतात. हा मोटारसायकलवरून रात्रंदिवस हिंडायचा, शिव्या खायचा, द्यायचाही. पण टोकाच्या हळदीला पाणी मिळायचं आणि उकंडा आला म्हणजे पाणी आलं असं बाया बोलायच्या. त्या नावाला तिथे शेणाचा वास नव्हता. एका साहेबाला तेवढी ते नाव उच्चारायची शरम वाटायची, तो त्याला नुसता आडनावानं हाकारायचा. हा ओ देत नसे. शेवटी एकदा म्हणाला, "उकंडा म्हना साहेब. त्याच नावानं जगलो." साहेब बदलून जाईपर्यंत म्हणत राहिला.

गयामावशीनं मरेपर्यंत त्याला चारचौघांत कधी जवळ घेतलं नाही, कधी गुणाचं म्हटलं नाही. नोकरीचा कागद दाखवायला आला तेव्हासुद्धा तोंड फिरवून चुलीतली राख ओढत बसली. नजर लागेल, फसवलेलं मरण परत येईल, ही धास्ती त्या बाईच्या मनातून गेलीच नाही. लाड करून घ्यायला तो आमच्या घरी यायचा. आणि दरवर्षी नवी ज्वारी घरात आली की सूपभर अम्माला आणून द्यायचा. सूप आमचंच, अम्माचं. ते रिकामं घेऊन जायचा आणि भरून आणायचा. "अम्मा, उचलायची मजुरी," म्हणायचा. अम्मा त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडायची. अम्मा गेल्यावर त्यानं ते सूप मला आणून द्यायला सुरुवात केली. मी त्याला म्हणायचो, आता बास कर, मी काही तुला उचललं नाही. तर हसून म्हणायचा, "तू शेवटी उचल ना. तुहा हिशेब पुढं हाय."

त्याच्या मुलाची, प्रशांतची बाजूही मी सांगितली पाहिजे, नाहीतर मी खोटा ठरेन. आपल्याकडे बापाचं नाव पोराच्या नावात मध्ये बसतं. शाळेत हजेरी घेताना पूर्ण नाव वाचलं की वर्ग फिदीफिदी हसायचा. पोरगं घरी येऊन रडायचं. इंजिनियर होऊन पुण्याला गेलं, तिथे मुलाखतीत कुणीतरी अर्थ विचारला म्हणे. मग त्यानं रीतसर स्वतःच्या नावातलं बापाचं नाव बदलून 'उत्तम' करून घेतलं. पहिलं अक्षर तेच राहतं, एवढाच त्यामागचा विचार. त्याला उकंडानं अडवलं नाही, हवी तिथे सही दिली. त्या दिवशी मात्र माझ्याकडे येऊन बसला. मग स्वतःचीच समजूत घातल्यासारखं म्हणाला, "त्याच्या नावातून काढलं रशीद. माह्यातून थोडंच काढलं."

तेही काढलं. फक्त तो असेपर्यंत थांबले. नातवाला भेटायला चार दिवस पुण्याला गेलेला तो धडधाकट माणूस असा जाईल आणि प्रशांतच्या कागदांवरचं ते 'उत्तम' त्याला चिकटवलं जाईल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. ग्रुपवरच्या निरोपात उत्तमराव, विहारासमोरच्या भल्यामोठ्या फ्लेक्सवर उत्तमराव, दिवसकार्याच्या, म्हणजे पुण्यानुमोदनाच्या, पत्रिकेवर उत्तमराव. ज्या माणसासाठी अख्ख्या कालव्यावरचे शेतकरी कामं टाकून आले असते, त्याच्या मातीला भावकीतली मोजकी माणसं होती. बाकीच्यांनी माझ्यासारखेच हात जोडले आणि ते जेवायला बसले.

परवा प्रशांत घरी आला होता. वाईट पोरगा नाही तो. पाया पडला, माझ्या गुडघेदुखीची चौकशी केली. फ्रेम केलेला एक फोटो दिला, खाली सोनेरी अक्षरांत उत्तमराव. मी त्याच्या बापावर वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी लिहितोय हे त्याला कुठून तरी कळलं होतं. जरा घुटमळून म्हणाला, "काका, लेखात पप्पांचं नाव उत्तमरावच लिहा. सासरकडची मंडळी वाचतात. माझ्या मुलाच्या पुढे आजोबांचं चांगलं नाव राहावं, एवढंच." मी विचारलं, ते नाव तुझ्या बापानं मागितलं होतं का? तो म्हणाला, "तुम्हाला वर्गात कुणी हसलं नाही, काका." ते खरं होतं. राग गेला असं मात्र नाही. तो अजून आहे, हे लिहितानाही आहे. तुझा बाप जिवंत राहावा म्हणून एका बाईनं आपलं बाळ उकिरड्यावर ठेवलं आणि जन्मभर त्याला गोड म्हणायचं टाळलं. त्याहून चांगलं नाव तुला कुठून मिळणार होतं बाबा?

म्हणून नाव जे होतं तेच लिहिलं आहे. प्रशांत रागावेल, रागावू दे. फोटो मी कपाटात ठेवला. बैठकीत त्यासाठी ठोकलेल्या खिळ्याला अम्माचं सूप अडकवलं आहे. कडेची वीण सुटत चालली आहे, बायको म्हणते, येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर हे काय रिकामं सूप टांगलंय. नवी ज्वारी बाजारात आली आहे. सूप न्यायला यंदा कुणी आलं नाही. त्याला पहिल्यांदा आमच्या घरानं उचललं होतं, शेवटी खांदा मी द्यायचा हे आमच्यात ठरलेलं होतं. त्या सकाळी मला हाक आलीही... पण ती भलत्याच नावानं आली आणि मी झोपून राहिलो.